आफताब-ए-मौसिकी उस्ताद फैयाजखाँ

बडोद्यास परगावचा पाहुणा आला म्हणजे आपण त्याला लक्ष्मीविलास राजवाडा दाखवितो, कीर्तिमंदिर दाखवितो, कमाटीबागेतून फिरवून आणतो. आणि मध्यवर्ती ग्रंथालयातील काचेची जमीन पाहून तो थक्क झाला म्हणजे आपल्याला धन्यता वाटते. हे सारे वैभव डोळ्यांना दिसणारे आहे. परंतु या नगरीचे आणखी एक वैभव असे आहे, की जे डोळ्यांना दिसत नाही आणि ज्याची तसबीर भिंतीवर टांगून भागत नाही. ते कानांनीच अनुभवावे लागते. सुमारे चार दशके बडोद्याचे नाव साऱ्या हिंदुस्थानच्या संगीतविश्वात ज्या एका आवाजामुळे दुमदुमत राहिले, तो आवाज उस्ताद फैयाजखाँ यांचा. हे थोर गायक ५ नोव्हेंबर १९५० रोजी याच शहरात निवर्तले. आज शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींच्या पणजोबांनी कदाचित त्यांना समोर बसून ऐकले असेल. आपल्याला मात्र त्यांच्या ध्वनिमुद्रिकांवरच समाधान मानावे लागते. तरीही त्या ऐकताना एक गोष्ट तत्काळ मनावर ठसते. ती अशी, की या गायकाजवळ जेवढे सामर्थ्य आहे, तेवढे सगळे तो कधीच खर्च करीत नाही. हा संयम त्यांनी कोठून मिळविला आणि त्याने त्यांच्या कलेला काय दिले, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या जीवनाकडे पाहिले पाहिजे.

फैयाजखाँचा जन्म आग्र्याजवळील सिकंदरा येथे झाला. बादशहा अकबराची समाधी जेथे आहे, तेच हे गाव. ते वर्ष एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांतील. वडील सफदर हुसेनखाँ हे गवई होते. त्यांच्या घराण्यात पूर्वी रमजानखाँ ‘रंगीले’ या नावाचे नामांकित चीजकार होऊन गेले होते. परंतु पुत्रमुख पाहण्याचे भाग्य सफदर हुसेनखाँना लाभले नाही. मूल जन्मास येण्यापूर्वीच ते निवर्तले. पितृछत्राला जन्मापूर्वीच मुकलेल्या या बालकाचा सांभाळ आईच्या वडिलांनी, म्हणजे गुलाम अब्बासखाँ यांनी केला. आजोबा हेच वडील, आजोबा हेच गुरू आणि आजोबांचे घर हीच पाठशाळा, अशी त्या बालकाची स्थिती होती.

हे आजोळ सामान्य नव्हते. आग्र्याचे घराणे मूळचे ध्रुपद-धमार गाणाऱ्यांचे. गुलाम अब्बासखाँचे वडील खुदाबक्ष यांचा आवाज बालपणी अत्यंत घोगरा होता, म्हणून लोक त्यांना ‘घग्गे’ खुदाबक्ष म्हणत. अशा कंठातून गाणे निघावयाचे नाही, असे समजून घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना शिकविण्याकडे दुर्लक्ष केले. तेव्हा हा जिद्दी तरुण ग्वाल्हेरीस गेला आणि तेथील प्रसिद्ध ख्यालगायक नत्थन पीरबक्ष यांच्याजवळ राहून त्याने कित्येक वर्षे मेहनत केली. परत आला तो मोठा गवई होऊनच. ध्रुपदियांच्या घरात ख्यालाचा प्रवेश झाला तो त्यांच्यामुळे. आपल्या कंठातील उणीव ओळखून तिच्यावर परिश्रमाने मात करावयाची आणि उसन्या गोडव्याच्या मागे न लागता स्वतःच्या आवाजाचेच सोने करावयाचे, हा धडा या घराण्यास अशा रीतीने मिळाला. पणतू फैयाजखाँ यांनी तो धडा पुढे सार्थ करून दाखविला.

गुलाम अब्बासखाँ यांनी नातवाला आधी ध्रुपद आणि धमार यांचे शिक्षण दिले. घराचा पाया भक्कम झाल्याखेरीज वरचे मजले चढवावयाचे नाहीत, अशीच जुन्या उस्तादांची पद्धत होती. ध्रुपदात शब्द स्पष्ट उच्चारावा लागतो, स्वर स्थिर ठेवावा लागतो आणि लयीचा हिशेब क्षणभरही चुकून चालत नाही. धमार ताल १४ मात्रांचा. त्याचे विभाग सारखे नसल्यामुळे त्यात दुगण-चौगण करून समेवर अचूक येणे हे गवयाच्या बुद्धीची परीक्षा पाहणारे असते. ही परीक्षा लहान वयातच उत्तीर्ण झाल्यावर मग ख्याल आला. आजोबांचे धाकटे बंधू कल्लनखाँ यांच्याकडूनही त्यांना तालीम मिळाली. पुढे त्यांचा विवाह अत्रौलीचे मेहबूबखाँ यांच्या कन्येशी झाला. हे मेहबूबखाँ ‘दरसपिया’ या नावाने चीजा रचीत. म्हणजे माहेर, आजोळ आणि सासुरवाड अशा तीन दिशांनी संगीताचे तीन प्रवाह त्यांच्याकडे वाहत आले. खाँसाहेबांनी स्वतःही ‘प्रेमपिया’ या नावाने अनेक चीजा बांधल्या, आणि त्यांतील कित्येक आजही गवयांच्या मुखी आहेत.

तरुणपणी आजोबांच्या समवेत त्यांनी ठिकठिकाणच्या मैफली गाजविल्या. म्हैसूरच्या दरबारात त्यांच्या गायनाचा मोठा गौरव झाला आणि तेथील महाराजांनी त्यांना ‘आफताब-ए-मौसिकी’ ही पदवी दिली. आफताब म्हणजे सूर्य आणि मौसिकी म्हणजे संगीत. संगीताचा सूर्य ही पदवी ऐकावयास अतिशयोक्तीची वाटते. परंतु त्या काळच्या जाणकारांपैकी फार थोड्यांना ती तशी वाटली. उत्तरेचा गवई दक्षिणेच्या दरबारात जाऊन असा मान मिळवितो, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता बडोद्याकडे वळू. श्रीमंत सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी १८७५ ते १९३९ अशी प्रदीर्घ कारकीर्द केली. १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या या द्रष्ट्या राजाची शिस्त संगीताच्या क्षेत्रातही तशीच होती. १८८६ साली प्रो. मौलाबक्ष यांच्या हातून येथे गायनशाळा सुरू झाली, आणि दरबारी वातावरणात बंदिस्त असलेली विद्या सामान्य घरांतील मुलांसाठी खुली झाली. दरबारच्या कलावंतांची व्यवस्था पाहण्यासाठी ‘कलावंत कारखाना’ या नावाचे स्वतंत्र खाते होते. अखिल भारतीय संगीत परिषदेचे पहिले अधिवेशन पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१६ साली भरले, तेही बडोद्यासच. भास्करबुवा बखले हे मराठी रंगभूमीचे आणि ख्यालगायनाचे थोर आचार्य. त्यांचा जन्मही १८६९ साली बडोदे संस्थानातील कठोर या गावचाच. अशा या गुणग्राहक भूमीत १९१० नंतरच्या काही वर्षांतच फैयाजखाँ दरबारगायक म्हणून रुजू झाले. त्यांचा जन्म दूर यमुनेच्या तीरावरचा असला, तरी विश्वामित्रीच्या तीरावर ते असे रमले, की पुढे आयुष्याच्या अखेरपर्यंत बडोदे हेच त्यांचे घर झाले. राज्यातर्फे त्यांना ‘ज्ञानरत्न’ ही पदवी अर्पण करण्यात आली.

खाँसाहेबांची मूर्ती भारदस्त होती. डोक्यास डौलदार फेटा, अंगात लांब अचकन, छातीवर पदके आणि पीळदार मिशा, अशी त्यांची छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात. परंतु खरा भारदस्तपणा होता तो त्यांच्या आवाजात. ते खालच्या षड्जात गात. त्यांचा कंठ बासरीसारखा नाजूक नव्हता, किंवा तार सप्तकात विजेसारखा चमकत जाणाराही नव्हता. तो रुंद, घुमारदार आणि मर्दानी होता. दुसऱ्या एखाद्या गवयाने अशा आवाजास कृत्रिम गोडवा आणण्याचा यत्न केला असता, किंवा वरच्या पट्टीत ओढून ताणून श्रोत्यांस चकित करण्याचा हव्यास धरला असता. फैयाजखाँनी तसे केले नाही. आपल्या आवाजाची प्रकृती त्यांनी ओळखली आणि तिला शोभेल तेच गायले.

त्यांच्या मैफलीचा आरंभ बहुधा नोम्-तोम् आलापाने होई. वाचकांपैकी ज्यांना हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण करतो. या आलापात चीजेचे शब्द नसतात. नोम्, तोम्, ना, री, तनन अशा अर्थविरहित अक्षरांनी गवई रागाचे चित्र रेखाटू लागतो. तबला स्तब्ध असतो. पाठीमागे केवळ तंबोऱ्यांचा झंकार. प्रथम षड्जाचा भरणा होतो. मग एकेक स्वर जवळ केला जातो. त्या स्वराचे शेजारच्या स्वरांशी असलेले नाते दाखविले जाते. आणि त्याचे काम पुरे झाल्यावरच गवई पुढच्या स्वराकडे पाऊल टाकतो. हळूहळू लय वाढते, अक्षरांना गती येते आणि अखेरीस गमकांचा खेळ सुरू होतो. ही मूळची ध्रुपदियांची विद्या. ख्याल गाणारे बहुतेक गवई हा भाग सोडून देत आणि तालाच्या संगतीतच आलाप करीत. फैयाजखाँनी मात्र ख्यालापूर्वी नोम्-तोम् गाण्याची प्रथा अखेरपर्यंत राखली. दरबारी कानड्यासारखा गंभीर राग त्यांच्या या आलापात असा उभा राहतो, की शब्द नसल्याची उणीव भासतच नाही.

आलापानंतर चीज सुरू झाली म्हणजे त्यांच्या कलेचे दुसरे अंग प्रकट होई. ते म्हणजे लयीशी चालणारा खेळ. चीजेतील शब्दांची तालाच्या निरनिराळ्या भागांत नवनवी वाटणी करावयाची, कधी मात्रेच्या अलीकडे, कधी पलीकडे शब्द टाकावयाचा, आणि श्रोता आता सम चुकते की काय अशा विवंचनेत असतानाच मुखडा घेऊन समेवर अलगद उतरावयाचे, याला बोलबाट म्हणतात. आग्रा घराण्याचा हा मोठा अलंकार. ध्रुपद-धमाराच्या तालमीमुळे खाँसाहेबांच्या ठायी ही विद्या इतकी मुरली होती, की मनात आणले असते तर त्यांनी तासभर केवळ गणिताचेच चमत्कार करून दाखविले असते. परंतु त्यांच्या बोलबाटीत शब्दाचा जीव कधी गुदमरत नाही. चीजेतील नायिका रुसलेली असेल तर शब्दाची फेक रुसव्याची असते. विनवणीचा शब्द असेल तर लयीचा आडवा घावही मृदू होतो. आणि अशा दोन-चार फेरांनी श्रोते हर्षभरित झाले, की खाँसाहेब तो खेळ तेथेच थांबवीत. आणखी ऐकावेसे वाटत असतानाच थांबावे, ही कला सर्वांत अवघड.

या संयमाची खरी कसोटी लागली ती ग्रामोफोनच्या तबकडीवर. त्या काळची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई आणि तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन ते साडेतीन मिनिटांचे गायन मावे. जो गवई एक राग तास-दीड तास गाण्यास सरावलेला, त्याने तीन मिनिटांत काय गावे? पुष्कळ मोठमोठ्या गवयांची येथे त्रेधा उडाली. थोड्या वेळात आपले सगळे बुद्धिवैभव दाखविण्याच्या घाईत त्यांनी तानांवर ताना रचल्या, आणि राग मात्र दाराबाहेरच राहिला. फैयाजखाँच्या ललत, रामकली, पूरिया, तोडी, जयजयवंती या रागांच्या ध्वनिमुद्रिका ऐका. त्यांत घाई नाही. ललतात दोन्ही मध्यम एकापाठोपाठ येतात, आणि त्या दोन मध्यमांच्या संधीतच रागाचा प्राण असतो. खाँसाहेब त्या जागेवर पुरेसे थांबतात; तीन मिनिटांतील मोलाचे क्षण तेथे खर्च करतात; आणि मग उरलेल्या वेळात मोजके बोल, एखाददुसरी गमकयुक्त तान आणि ठसठशीत सम. ऐकणाऱ्यास वाटते, राग संपूर्ण भेटला. नटबिहागातील पैंजणांच्या झंकाराचे वर्णन करणारी त्यांची द्रुत चीज तर इतकी लोकप्रिय झाली, की रागदारीशी ज्यांचा काडीइतका संबंध नव्हता त्यांच्याही ओठांवर ती खेळू लागली.

येथे आजच्या विद्यार्थ्यांस परिचित असे एक उदाहरण घेतो. पुष्कळ मुलांच्या हाती आता तंबोऱ्याआधी गिटार येते, आणि पाश्चात्त्यांचे रॉक संगीत त्यांच्या कानांवर नित्य पडत असते. त्या गाण्यांच्या मध्यभागी गायक थांबतो आणि गिटारवादकास एकट्याने वाजविण्यासाठी थोडा अवकाश मिळतो. गीत सर्वसामान्यांसाठी, अवकाश अर्ध्या मिनिटाचा, आणि बोटांत मात्र वर्षानुवर्षांची तयारी. अशा वेळी कित्येक वादक केवळ वेगाचा भडिमार करतात. उलट, बीटल्स या प्रसिद्ध मंडळातील जॉर्ज हॅरिसन (१९४३–२००१) यांचे वादन पाहा. त्यांची एकल वादने छोटी, आखीव आणि गाण्याच्या चालीशी इतकी एकजीव झालेली असतात, की ती काढून टाकली तर गाणेच पांगळे होईल. हे हॅरिसन पुढे पं. रविशंकरांकडे सतार शिकले, ही गोष्टही बोलकी आहे. देश निराळा, वाद्य निराळे, संगीताची जातही निराळी. परंतु कोंडी तीच आणि तिच्यातून सुटण्याचा मार्गही तोच. आपल्याला काय काय येते हे दाखविण्यापेक्षा या गाण्याला काय हवे आहे, हे जो ओळखतो तो खरा रसिक कलावंत. बडोद्याच्या या दरबारगायकाने ती गोष्ट रॉक संगीताचा जन्म होण्यापूर्वी कित्येक वर्षे आपल्या तबकड्यांतून सिद्ध केली होती.

फैयाजखाँच्या रसिकतेचा आणखी एक पुरावा म्हणजे त्यांची ठुमरी. त्या काळी ध्रुपद-ख्याल गाणारे कित्येक उस्ताद ठुमरीला कमी लेखीत. ती हलकी, बाजारी चीज आहे, असा त्यांचा समज असे. कलकत्त्याकडे भैयासाहेब गणपतराव आणि मौजुद्दीन यांनी ठुमरीस जे भावपूर्ण रूप दिले, त्याचा संस्कार फैयाजखाँनी मोकळ्या मनाने स्वीकारला. एकाच मैफलीत नोम्-तोम्, धमार, ख्याल, ठुमरी आणि दादरा, हे सर्व त्याच तोलाने गाणारा दुसरा गवई त्या पिढीत क्वचितच सापडेल. बाजूबंदाचा उल्लेख असलेली त्यांची भैरवीतील ठुमरी ऐकताना आश्चर्य वाटते. धमाराच्या लयीशी झुंज घेणारा तो धिप्पाड आवाज येथे एकाएकी किती हळुवार होतो! एकाच शब्दावर ते पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येक वेळी स्वरांची बैठक थोडी बदलते आणि अर्थाची नवी छटा उमटते. तानांचे भांडार जवळ असूनही त्याची कवाडे ते उघडीत नाहीत, कारण तेथे तान शोभली नसती. काफी रागात नंदकुमाराला वंदन करणारे त्यांचे पदही असेच प्रसिद्ध आहे. ते ऐकताना गाणारा कोणत्या धर्माचा, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनास शिवतही नाही.

उत्तम गवई उत्तम गुरू असतोच असे नाही. खाँसाहेबांच्या ठायी मात्र दोन्ही गुण होते. पं. भातखंडे यांनी आपला तरुण शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यास बडोदे सरकारची शिष्यवृत्ती मिळवून देऊन फैयाजखाँकडे पाठविले. १९१७ पासून पाच वर्षे रातंजनकर बडोद्यात राहून शिकले. येथे दोन पद्धतींचा संगम झाला. भातखंड्यांची विद्या ग्रंथांची, स्वरलिपीची, वर्गात बसून शिकण्याची. खाँसाहेबांची विद्या गुरूच्या पाठीमागे तंबोरा घेऊन बसण्याची. कागदावर लिहिलेला स्वर आणि कंठातून निघालेला स्वर यांत किती अंतर असते, हे त्या तरुणास बडोद्यात उमगले. हेच रातंजनकर पुढे लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि त्यांनी के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी यांसारखे शिष्य तयार केले. भास्करबुवा बखले यांचे शिष्य दिलीपचंद्र वेदी हे बुवांच्या १९२२ मधील निधनानंतर फैयाजखाँकडे आले. मेहुणे अता हुसेनखाँ यांनी त्यांच्या मागे बसून साथ केली आणि बडोद्यात अध्यापनही केले. शराफत हुसेनखाँ या बालकास तर खाँसाहेबांनी लहानपणापासून घडविले. आग्रा घराण्याची दुसरी शाखा विलायत हुसेनखाँ यांच्याद्वारे मुंबईस पसरली. त्यांचे शिष्य जगन्नाथबुवा पुरोहित आणि बुवांचे शिष्य राम मराठे व जितेंद्र अभिषेकी. म्हणजे आपल्या घरी मराठी नाट्यपदे आवडीने ऐकली जातात, त्यांतील काही आवाजांच्या मुळाशीही आग्र्याचीच माती आहे.

खाँसाहेबांच्या हयातीत संगीताचा आश्रयदाता झपाट्याने बदलत होता. तारुण्यात त्यांनी राजेमहाराजांपुढे गायले. प्रौढपणी लखनौ, अलाहाबाद, कलकत्ता अशा ठिकाणच्या संगीत परिषदांत तिकीट काढून आलेल्या हजारो श्रोत्यांपुढे गायले. तबकड्यांच्या द्वारे ते घरोघर पोहोचले. आणि नभोवाणी सुरू झाल्यावर ज्यांची तोंडे दिसत नाहीत अशा असंख्य श्रोत्यांसाठीही गायले. पुष्कळ जुन्या कलावंतांस ही स्थित्यंतरे मानवली नाहीत. कोणी तबकडीत आपली विद्या चोरीस जाईल म्हणून भ्याले, कोणी परिषदेतील गर्दीला नाके मुरडली. फैयाजखाँ प्रत्येक नव्या श्रोत्याकडे त्याच आदराने गेले. सामान्य श्रोत्यासाठी त्यांनी आपले गाणे सोपे केले. परंतु स्वस्त केले नाही. या दोहोंतील भेद ज्यास कळला, त्यास लोकप्रियतेचे भय बाळगण्याचे कारण नाही.

१९३९ साली सयाजीराव महाराज निवर्तले. पुढे देश स्वतंत्र झाला आणि १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. ज्या दरबाराचा हा गायक, तो दरबारच इतिहासजमा झाला. त्याच वर्षी येथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना झाली, आणि मौलाबक्षांच्या गायनशाळेतून वाढलेली संगीतसंस्था पुढे त्या विद्यापीठाच्या छत्राखाली आली. एक युग मावळून दुसरे उगवत असतानाच, विलीनीकरणानंतर अवघ्या दीड वर्षाने, संगीताचा हा सूर्यही बडोद्यात अस्तास गेला.

बडोद्याच्याच मातीत त्यांची कबर आहे. २००२ सालच्या दंगलींत तिची नासधूस झाली, हे दुःखाने नमूद केले पाहिजे. ज्याने सर्व धर्मांच्या श्रोत्यांस चार दशके आनंद दिला, ज्याने आपल्या नगरीचे नाव देशभर नेले, त्याच्या विश्रांतिस्थानाचेही रक्षण या नगरीकडून झाले नाही. परंतु या घटनेतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दगडाचे स्मारक फोडता येते. जे स्मारक कानांत आणि कंठांत बांधलेले असते ते मात्र जोपर्यंत आपण ऐकत राहू तोपर्यंतच टिकते. ते फोडण्यास कोणाच्या हातोड्याची गरज नाही. आपण ऐकावयाचे सोडून दिले की ते आपोआप ढासळते. म्हणून त्याची जबाबदारी अन्य कोणावर नसून आपल्यावर आहे.

विद्यार्थी मित्रहो, फैयाजखाँच्या ध्वनिमुद्रिका आज सहज उपलब्ध आहेत. पूर्वी एक तबकडी ऐकावयाची तर ग्रामोफोन असलेल्या एखाद्या श्रीमंत गृहस्थाच्या ओसरीवर जावे लागे; आता घरातल्या घरात त्या ऐकता येतात. एखाद्या संध्याकाळी घरातील आजीआजोबांना सोबत घेऊन त्यांची एकच तबकडी ऐका. पहिल्यांदा आवाज जुना वाटेल, खरखर जाणवेल. दुसऱ्यांदा ऐकताना खरखर मागे सरेल आणि स्वर पुढे येईल. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी काय गायले याबरोबरच काय गाण्याचे टाळले, याकडेही लक्ष द्या. जेथे तान घेता आली असती तेथे ते थांबले आहेत. जेथे आवाज चढविता आला असता तेथे तो त्यांनी आवरला आहे. त्या रिकाम्या जागा ऐकू येऊ लागल्या, की तुम्हांला गाणे कळू लागले असे खुशाल समजा.

हा गुण केवळ गवयाच्या उपयोगाचा आहे असेही नाही. निबंध लिहिताना ठाऊक असलेले सगळे अलंकार एकाच परिच्छेदात कोंबू नयेत. वक्तृत्वस्पर्धेत श्रोते रंगले असतानाच भाषण आवरावे. खेळाच्या मैदानावर स्वतःच्या कौशल्यापेक्षा संघाची गरज पाहावी. सामर्थ्य मिळविण्यास मेहनत लागते. परंतु ते आवरून, योग्य जागी आणि योग्य प्रमाणात वापरण्यास त्याहून अधिक मेहनत लागते. जन्मापूर्वी पित्यास मुकलेल्या, आजोबांच्या मांडीवर षड्ज घोटणाऱ्या एका मुलाने ती मेहनत केली, आणि आग्र्याचा तो मुलगा बडोद्याचा अभिमान झाला.